जुने नकाशे, एका नदीचं वळण आणि क्यूजीआयएसचा जिओरेफरन्सर: आठ महिन्यांचा अनुभव

एका नदीचं पात्र गेल्या काही दशकांत किती सरकलं, हे मला जुन्या स्थलदर्शक नकाशांच्या स्कॅनवरून पाहायचं होतं. त्यासाठी क्यूजीआयएस हा संगणकावर नकाशांचं काम करायचा प्रोग्रॅम घेतला. आठ महिन्यांत चाळीसेक शीट, म्हणजे नकाशाचे सुटे कागद, बसवून झाल्या. प्रोग्रॅम मोफत आणि मुक्तस्रोत आहे, २००२ पासून त्याचं काम सुरू आहे. इन्स्टॉल करताना काही अडलं नाही, म्हणून थेट कामाबद्दलच लिहिते.

जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवणारं साधन, आता लेयर मेनूत आहे. पूर्वी तो रास्टर मेनूत असायचा, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना तो पटकन सापडत नाही. स्कॅनवर एका जागी क्लिक करायचं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकायचे, किंवा मुख्य खिडकीतल्या नकाशावर तीच जागा दाखवायची. असे पुरेसे कंट्रोल पॉइंट झाले की चित्र ताणून, फिरवून जमिनीवर बसवलं जातं. पहिली शीट मी अर्ध्या तासात बसवली आणि काम जमलं असं समजून पुढच्या अकरा शीटही तशाच उरकल्या.

चूक पॉइंट निवडण्यापासूनच होती. मी रस्त्यांचे चौक, पूल आणि नद्यांचे संगमसुद्धा घेतले होते. नदी सरकली का हे शोधायचं आणि तिच्याच संगमाला खिळा ठोकायचा, म्हणजे उत्तर आधीच ठरवून टाकणं झालं. आता मी छापील जाळीरेषांचे छेदच घेते. त्यांचे आकडे नकाशावर लिहिलेलेच असतात, आणि त्या जागा पूर येऊन किंवा रस्ता रुंद होऊन हलत नाहीत. चार कोपरे आधी, मग मधले छेद. सगळे पॉइंट एकाच बाजूला गर्दी करून टाकले, तर दुसरी बाजू वाऱ्यावर सुटते.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती कळायला मला तीन महिने लागले. चित्र कसं ताणायचं याचे सात प्रकार यादीत येतात. पहिल्या दर्जाच्या पॉलिनॉमियलला, म्हणजे बहुपदी सूत्राने ताणण्याला, किमान ३ पॉइंट लागतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १०. मी थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे चित्र पातळ पत्र्यासारखं वाकवणारा प्रकार, निवडत होते, कारण त्यात तक्त्यातले सगळे रेसिड्युअल, म्हणजे प्रत्येक पॉइंटमागे उरलेली तफावत, जवळजवळ शून्य दिसायचे. पण त्या पद्धतीचं गणितच असं आहे की चित्र प्रत्येक पॉइंटमधून नेमकं जातंच. एखादा पॉइंट शंभर मीटर चुकीचा टाकला, तरी तिथली तफावत शून्यच येणार आणि आजूबाजूचा नकाशा त्या चुकीकडे ओढला जाणार. तो शून्य मला अचूकपणाचा पुरावा वाटत होता.

पहिल्या दर्जाचं पॉलिनॉमियल शीट सरळच ठेवतं. दोन दिशांना वेगवेगळं लहान-मोठं करणं, फिरवणं, थोडं तिरपं करणं, एवढंच त्याला येतं. म्हणून चुकीचा पॉइंट तक्त्यात लगेच डोकं वर काढतो. कागद दमट हवेत दोन दिशांना सारखा फुगत नाही. तेवढी विकृती यात सामावते. घड्या पडलेली किंवा तुकडे जोडलेली शीट असेल तर स्प्लाइन खरंच कामाला येतं, पण भरपूर छेद हाताशी असतील तरच.

शिवाय आता प्रत्येक शीटचे चार-पाच छेद मी गणितात घेतच नाही. शीट बसली की ते छेद खऱ्या जागेपासून किती दूर पडले ते मोजते. माझा विश्वास त्या आकड्यावर आहे. त्याला अर्थात खालची मर्यादा आहे: १:५०,००० चा नकाशा ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला तर एक पिक्सेल जमिनीवर सव्वाचार मीटरचा होतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची छापील रेघ म्हणजे २५ मीटर. दहा मीटरच्या सरकण्याबद्दल असा नकाशा काहीच सांगू शकत नाही.

संदर्भप्रणालीचं, म्हणजे नकाशावरचे आकडे कुठून आणि कसे मोजले त्याचं, जरा सांभाळा. नकाशाच्या समासातला बारीक मजकूर आधी वाचा. काही जुन्या फ्रेंच नकाशांवर रेखांश पॅरिसपासून मोजलेले असतात, आणि पॅरिसची मध्यान्हरेषा ग्रिनिचच्या २°२०′१४″ पूर्वेला आहे. तेही कधी अंशांत नसून ग्रेडमध्ये, जिथे काटकोनाचे १०० भाग असतात. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. जुन्या डेटमचे, म्हणजे पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर मोजलेले, आकडे जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ चे समजून टाकले, तर शीट शंभर-दोनशे मीटर सरकून बसते आणि अगदी बरोबर बसल्यासारखी दिसते. आणखी एक: अंतरं वेब मर्केटरच्या, म्हणजे ऑनलाइन नकाशे वापरतात त्या प्रणालीच्या, आकड्यांवर मोजू नका. ६० अक्षांशावर ती दुप्पट येतात.

तयार फाइल मी जिओटिफ या चित्रफाइलच्या प्रकारातच ठेवते, कारण संदर्भप्रणाली तिच्या पोटातच राहते. चित्रासोबत वेगळी ठेवतात त्या वर्ल्ड फाइलमध्ये फक्त सहा ओळी असतात आणि प्रणालीचं नाव त्यांत नसतं. कॉम्प्रेशन डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यू घ्या, दोन्हींत रेघांची धार जात नाही. पिरॅमिड, म्हणजे चित्राच्या लहान प्रती, बनवून ठेवले की मोठी शीटही झरझर उघडते.

या आठ महिन्यांत सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती पॉइंट साठवणारी छोटी फाइल. मूळ स्कॅन आणि ही फाइल जपली असेल, तर सगळी शीट पुन्हा क्लिक करावी लागत नाही. पहिल्या बारा शीट मी अशाच एका संध्याकाळी नव्याने बसवल्या: संगम आणि चौक काढून टाकले, जाळीचे छेद वाढवले, स्प्लाइनच्या जागी पहिल्या दर्जाचं पॉलिनॉमियल घेतलं. ज्या वळणापासून हा सगळा शोध सुरू झाला, ते आधी १८० मीटर सरकलेलं दिसत होतं. आता ते ७० मीटर दिसतं, आणि बाजूला ठेवलेले छेद सगळे ३० मीटरच्या आत आहेत.