पैसे वसूल करायच्या नादातले नऊ महिने: शहर-पास, फेऱ्या आणि ऑडिओ गाइडचा अनुभव

नोकरीसाठी मोठ्या शहरात येऊन तीन वर्षं झाली, तरी ऑफिस, घर आणि मुलीची शाळा यापलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी आई राहायला आली आणि तिच्या निमित्ताने तीन दिवसांचा शहर-पास (एकाच तिकिटात अनेक ठिकाणांचा प्रवेश) घेतला. तिथून जे सुरू झालं त्याचा हा हिशेब. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पास, फिरत्या बस आणि पायी फेऱ्या यांची रचना आता सगळीकडे साधारण सारखीच असते.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. पास सुरू होतो तो पहिल्यांदा स्कॅन केल्यावर, हे मला माहीत होतं. पण 'तीन दिवस' म्हणजे बहात्तर तास की कॅलेंडरवरचे तीन दिवस, हे मी वाचलंच नव्हतं. आम्ही दुपारी चारला पहिलं तिकीट स्कॅन केलं आणि त्या दिवसाचे उरलेले दोन तास हाच आमचा 'पहिला दिवस' ठरला. मग ते भरून काढायला दुसऱ्या दिवशी पाच ठिकाणं. आईचे गुडघे तिसऱ्या ठिकाणीच बोलायला लागले. चौथ्या ठिकाणी ती बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही पाहून या, मी पाहिलं असं समजा."

रांगेबद्दलही तेच. पासवर 'रांगेशिवाय प्रवेश' लिहिलेलं असतं, पण टळते ती फक्त तिकिटाची रांग. बॅग तपासायच्या रांगेत सगळे सारखेच. शिवाय गर्दीच्या ठिकाणी पास असूनही वेळ वेगळी आरक्षित करावी लागते, आणि सकाळच्या वेळा आधीच संपलेल्या असतात. सुट्टीचा वारही बघून ठेवा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तर पॅरिसचं लूव्र मंगळवारी.

वरच्या मजल्यावर बसून फिरायची बस पासमध्येच होती. एका दिशेनेच फिरते, त्यामुळे मागचा थांबा हवा असेल तर घाण्याच्या बैलासारखी पूर्ण फेरी मारा. आईसाठी ठीक, एरवी पुन्हा घेणार नाही.

आई परत गेल्यावर मी संग्रहालयांचं वार्षिक कार्ड घेतलं, आणि सगळं बदललं ते इथे. आधी दर दाराशी 'आता वसूल किती झाले' हा हिशेब डोक्यात चालायचा. वार्षिक कार्डावर तो दुसऱ्याच महिन्यात संपला. आता मी ऑफिसातून येताना चाळीस मिनिटं जाते, एकच दालन बघते, बाहेर पडते. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी 1916 साली 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. वाकून, ओणवं होऊन वस्तू बघणाऱ्या माणसाचे फोटो काढून त्यांनी दाखवलं की मांडणीच अशी असते की बघणाऱ्याचं अंग मोडून यावं. तो लेख आधी कळला असता तर आईला एका दिवसात पाच ठिकाणी नेलं नसतं.

ऑडिओ गाइडबद्दल (तुम्ही कुठे आहात ते ओळखून तिथली माहिती कानात ऐकवणारं फोनवरचं अॅप) माझं मत सरळ आहे: दालनात उत्तम, रस्त्यावर वैताग. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोचतात, त्यामुळे नकाशावरचा ठिपका उडी मारून शेजारच्या गल्लीत जातो. मी चौकात उभी, आणि कानातली बाई मला भलत्याच देवळाच्या पायऱ्या दाखवतेय, असं अनेकदा झालं. उपाय एवढाच: आपोआप सुरू होणं बंद करा, थांब्याचा क्रमांक स्वतः दाबा, आवाज घरूनच डाउनलोड करून न्या, आणि रस्त्यावर एकच कान झाका. तशी ही सोय जुनी आहे. अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने 1952 साली रेडिओवरून दालनात माहिती ऐकवायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी ऐकू यायची, त्यामुळे अख्खा घोळका एकदम पुढच्या चित्राकडे सरकायचा. त्यापेक्षा माझा उड्या मारणारा ठिपका बरा म्हणायचा.

सगळ्यात जास्त मिळालं ते पायी फेऱ्यांमधून. एकूण चौदा केल्या, त्यातल्या पाच निव्वळ पाट्या टाकणाऱ्या होत्या. अनुभवाने एक खूण सापडली: विषय जितका अरुंद, तितकी फेरी चांगली. 'तीन तासांत संपूर्ण शहर' म्हणजे धावपळ आणि राजेरजवाड्यांची वंशावळ. याउलट जमिनीखालच्या पाण्याच्या व्यवस्थेवरची एक फेरी केली. गटारं कशाला बघायची, म्हणून मुलगी रुसूनच आली होती. पण फेरी नेणारे गृहस्थ आयुष्यभर याच कामात होते. मॅनहोलच्या झाकणावरचं वर्ष कसं वाचायचं, झाकणं बहुतेक गोल का असतात (गोल झाकण कसंही फिरवलं तरी भोकातून खाली पडत नाही), हे त्यांनी रस्त्यात उकिडवं बसून दाखवलं. आता शाळेत जाताना तिला दर झाकणापाशी थांबायचं असतं, आणि बस चुकते.

घोळका किती मोठा आहे तेही आधी विचारा. वीसच्या वर माणसं गेली की शेवटच्याला काही ऐकू येत नाही आणि प्रत्येक सिग्नलला अर्धे मागे राहतात. 'मोफत' फेऱ्या बक्षिशीवर चालतात, आणि काही कंपन्या गाइडकडूनच डोईमागे रक्कम घेतात. म्हणजे तुम्ही मध्येच सटकलात तर भुर्दंड त्याला पडतो. खरंच मोफत हव्या असतील तर स्वयंसेवकांच्या फेऱ्या शोधा. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली रहिवाशांनी पाहुण्यांना आपला भाग दाखवायची 'ग्रीटर' पद्धत सुरू झाली, ती आता अनेक शहरांत आहे आणि हे रहिवासी बक्षिशी घेत नाहीत. टोरंटोमध्ये 2007 साली शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ सुरू झालेले 'जेन्स वॉक'ही मे महिन्यात ठिकठिकाणी होतात.

नाट्यगृहाची पडद्यामागची फेरी मात्र कुणीही चुकवू नये. रंगमंचाच्या वर दोरखंड, वजनं आणि पडदे टांगलेला अंधारा उंच भाग असतो, तो खालून बघताना मान अवघडते. तिथे शिट्टी वाजवत नाहीत. पूर्वी पडदे ओढणारे एकमेकांना शिट्टीने खुणा करत, म्हणून उगाच वाजवलेली शिट्टी डोक्यावर वजन पाडू शकेल, असं सांगतात. हे ऐकल्यापासून मुलीला शिट्टीशिवाय काही सुचेना!

संग्रहालयांची रात्र, म्हणजे एका रात्री अनेक संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी ठेवायची (बर्लिनने 1997 साली सुरू केलेली ही कल्पना बरीच पसरली आहे), ती गर्दीमुळे मला मानवली नाही. मोठं सोडून कोपऱ्यातलं छोटं संग्रहालय गाठलं, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

तक्रार एकच, पण मोठी. एका कंपनीने पावसामुळे होडीची फेरी रद्द केली आणि पैशांऐवजी कूपन दिलं, तेही साठ दिवसांचं, आणि त्या साठ दिवसांत सगळ्या शनिवार-रविवारच्या जागा भरलेल्या. पत्रव्यवहाराला दीड महिना लागला. रद्द केल्यास पैसे परत की कूपन, ही ओळ आधी वाचा. ती बहुधा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असते.

वार्षिक कार्ड पुन्हा घेणार, दिवसांचा पास नाही. शहरातला सर्वांत प्रसिद्ध मनोरा अजून चढलेली नाही. दोनदा गेले, रांग पाहिली आणि परत आले.