‘कोर्ट’: न्यायालय उठल्यानंतर दिसणारी माणसे

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. गेल्या आठवड्यात तो आईबरोबर घरी पुन्हा पाहिला. मुंबईत मराठी म्हणून वावरणाऱ्या प्रत्येकाने तो फोन बाजूला ठेवून, सलग पाहावा, असे मला मनापासून वाटते.

नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिराचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना अटक होते आणि तारखांवर तारखा पडत राहतात. वीरा साथीदार यांनी कांबळे कमालीच्या संयमाने उभे केले आहेत. मृत कामगाराची पत्नी साक्ष देते, तो प्रसंग मला सर्वांत जड गेला. गटारात उतरण्याआधी नवरा आत झुरळे आहेत का, म्हणजे तिथे श्वास घेण्याजोगी हवा आहे का, ते पाहत असे, हे ती भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगते.

चित्रपटाचे खरे बळ मात्र खटल्यात नसून, न्यायालय उठल्यावर कॅमेरा ज्या घरांत जातो तिथे आहे. बचावाचे वकील विनय व्होरा सुपरमार्केटमधून चीज आणि वाइन घेतात, तर सरकारी वकील असलेली नूतन लोकलने घरी येऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ही नूतन इतकी ओळखीची केली आहे की तिच्यावर रागावणे कठीण होते. सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब मराठी नाटकाला जाते, रंगमंचावर परप्रांतीयाचा पाणउतारा होतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. तेव्हा आईने विचारले, “हे नाटक आपण शिवाजी मंदिरला पाहिलंय का रे?” ते नाटक चित्रपटापुरतेच रचलेले असावे, पण तशा टाळ्या आम्ही दोघांनीही वाजवलेल्या आहेत. त्याच नूतनला दुसऱ्या दिवशी कांबळ्यांविरुद्ध बोलताना ऐकले, की जात, भाषा आणि वर्ग माणसाबरोबर न्यायालयात कसे येऊन बसतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकतच नाहीत, तेही याच ओघात येते.

एक उणीव मला जाणवली. वकिलांच्या घरात कॅमेरा जितका रेंगाळतो, तितका तो कांबळ्यांच्या घरी थांबत नाही, आणि ज्याच्यावर खटला चालतो तोच काहीसा दूरचा राहतो. स्थिर, लांबच लांब दृश्यांची सवय होण्यास पहिली वीस मिनिटे द्यावी लागतात. ती जरूर द्यावीत.

उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट संपला असे समजून तेव्हा उठू नये; न्यायाधीशांची सहल अजून बाकी असते.