चुनखडीच्या पुडीसाठी घेतलेला स्क्रू कन्व्हेयर : दीड वर्षाच्या वापरानंतरचे मत

चुनखडीची बारीक पूड हॉपरपासून, म्हणजे माल साठवणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीपासून, मिक्सरपर्यंत नेण्यासाठी आम्ही दीड वर्षापूर्वी ३०० मिलिमीटर व्यासाचा आणि ९ मीटर लांबीचा आडवा स्क्रू कन्व्हेयर बसवला. त्याआधी हे काम पट्ट्यावर चालत असे. खाली सांडलेली पूड प्रत्येक पाळीला फावड्याने उचलावी लागे आणि धूळ तर कायमचीच होती. आता ट्रफवर, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या पन्हळीवर, गॅस्केटसह (फट बुजवणाऱ्या पट्टीसह) आवळून बसवलेले झाकण असल्यामुळे पूड बाहेर येत नाही आणि त्या भागात काम करणाऱ्या माणसांना मोकळा श्वास घेता येतो. केवळ या एका गोष्टीसाठीही ही खरेदी योग्य ठरली, असे मी म्हणेन.

यंत्र दिसायला अगदी साधे आहे. पोकळ पाइपभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली पोलादी पाती, म्हणजे फ्लाइट, आणि तिच्याखाली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा ट्रफ. बोल्ट फिरवताना नट पान्याने धरून ठेवला, तर तो न फिरता पुढे सरकतो. इथे पुडीचे स्वतःचे वजन आणि ट्रफच्या भिंतीशी होणारे घर्षण हेच पान्याचे काम करतात. म्हणूनच माल फ्लाइटला चिकटला की सारे गणित बिघडते, कारण मग तो पुढे जाण्याऐवजी स्क्रूबरोबर गोल फिरू लागतो. एकदा ओलसर माल आला तेव्हा झाकण उघडून पाहिले, तर पाइप आणि फ्लाइट यांच्यातील कोपरे पुडीने लिंपून गेले होते. चिकट माल नेहमीचाच असेल, तर पाइप आणि पाती यांच्यात फट ठेवणारी रिबन फ्लाइट किंवा मधला दांडाच नसलेला स्क्रू घ्यावा. हे यंत्र त्यासाठी नाही.

माझी मुख्य तक्रार यंत्राविषयी नाही, पुरवठादाराविषयी आहे. आमच्या मालासाठी ट्रफ सुमारे ३० टक्केच भरलेला असावा, असे त्यांच्याच तक्त्यात लिहिले होते. पिच, म्हणजे फ्लाइटच्या लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, व्यासाइतकी, म्हणजे ३०० मिलिमीटर, आणि वेग मिनिटाला ६० फेरे धरला, तर एवढ्या भरावात ताशी साधारण २० घनमीटर पूड जाते आणि आमची गरज त्याहून कमी आहे. असे असताना त्यांनी हॉपरखाली केवळ एक सरकती झडप देऊन कन्व्हेयर थेट जोडला. झडप थोडी जास्त उघडली की स्क्रू काठोकाठ भरत असे. हॉपरखाली थेट बसणारा स्क्रू हा फीडर, म्हणजे माल ठरावीक प्रमाणात सोडणारे यंत्र, असतो. त्याची पिच आणि मोटर वेगळ्या हिशेबाने ठरवावी लागते. हा प्रश्न मागणी घेतानाच विचारणे त्यांचे कर्तव्य होते.

परिणाम तिसऱ्याच आठवड्यात दिसला. स्क्रूचे ३ मीटरचे तीन तुकडे आहेत आणि त्यांच्या सांध्यांवर स्क्रूला आधार देणारी दोन हँगर बेअरिंग वरून टांगलेली आहेत. तिथे फ्लाइट तुटक असते, त्यामुळे तेवढे अंतर मागच्या मालाने पुढच्या मालाला ढकलूनच पार करावे लागते. भराव वाढला की पूड हँगरच्या चौकटीवर थडकते, दाबली जाते आणि घट्ट होते. त्या दिवशी मोटर नेहमीसारखी फिरत होती, पण मिक्सरमध्ये काहीच पडत नव्हते. आधी मोटरचा वीजपुरवठा तोडून त्या स्विचला कुलूप लावले आणि मगच झाकण काढले. पहिल्या हँगरपाशी दगडासारखा गठ्ठा झाला होता आणि ड्राइव्हकडच्या, म्हणजे स्क्रू फिरवणाऱ्या मोटरकडच्या, सांध्याचे तुकडे जोडणारे कपलिंग बोल्ट सुरीने कापावेत तसे तुटले होते. हॉपरकडच्या टोकाच्या शाफ्टवर फेरे मोजणारा स्विच असता, तर ही गोष्ट मिनिटाभरात कळली असती.

पुढे आम्ही हॉपरखाली रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे फिरत्या कप्प्यांतून ठरावीक माल सोडणारी झडप, बसवला आणि स्क्रू थांबला की तोही थांबेल अशी जोडणी केली. तेव्हापासून यंत्र एकदाही तुंबलेले नाही. बांधणीही उत्तम आहे. ड्राइव्ह माल बाहेर पडण्याच्या टोकाला असल्यामुळे पाइपवर दाब न येता ताण येतो, आणि वंगणाशिवाय चालणारे हँगरचे कठीण बिडाचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आजवर एकदाच बदलावे लागले. झीज दिसते ती फ्लाइटच्या बाहेरच्या कडेला. तिथे हात फिरवला की धार जाणवते, म्हणून हातमोजे घालूनच तपासणी करावी.

दोन मर्यादा मात्र मान्य कराव्या लागतील. फ्लाइट आणि ट्रफ यांच्यातल्या फटीत पुडीचा थर नेहमी शिल्लक राहतो, त्यामुळे वारंवार माल बदलणाऱ्या ठिकाणी हा कन्व्हेयर गैरसोयीचा ठरेल. शिवाय माल घासत नेल्यामुळे पट्ट्याच्या तुलनेत वीज जास्त लागते. बंदिस्त वाहतुकीसाठी ती किंमत मला मान्य आहे. दुसऱ्या लाइनसाठी याच आकाराच्या यंत्राची मागणी आम्ही नोंदवली आहे. या वेळी रोटरी व्हॉल्व्ह, टोकाचा स्विच आणि प्रत्येक हँगरवर स्वतंत्र उघडणारे झाकण या तिन्ही गोष्टी मागणीपत्रातच लिहून दिल्या आहेत.