सॅमसोनाइट कॉस्मोलाइट, 75 सेंमी : मी आधी कोपरे पाहिले

भोसरीत 22 वर्षं व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या (तापलेली प्लास्टिकची शीट हवा ओढून साच्यावर बसवण्याच्या) मशीनवर काढली, त्यामुळे बॅगेच्या दुकानात माझा हात आधी कोपऱ्याकडे जातो. एबीएस या प्लास्टिकची शीट तापली की लोंबते, मोल्डवर ओढली की ताणते, आणि सगळ्यात जास्त ताणते ती कोपऱ्यात. 3 मिलिमीटरची शीट तिथे 1 वर आलेली मी स्वतः मोजली आहे. आमची आधीची बॅग (कंपनीचं नाव नको) नेमकी कोपऱ्यातच फुटली. म्युनिकच्या विमानतळावर पट्ट्यावरून आली तेव्हा फटीतून भाजणी सांडत होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

कॉस्मोलाइटचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. बाजूइतकाच भरीव.

या बॅगेचं कवच कर्व नावाच्या शीटचं आहे. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या प्लास्टिकच्या पट्ट्या ताणून त्यांचं कापड विणतात, थरावर थर ठेवून तापवून दाबतात. पट्टीचा फक्त वरचा पापुद्रा वितळतो आणि तोच गोंदाचं काम करतो. काच नाही, रेझिन नाही, धागाही तोच आणि गोंदही तोच. ही युक्ती इंग्लंडात लीड्स विद्यापीठात इयान वॉर्ड यांच्या गटाने 1990च्या दशकात बसवली.

पण अशी शीट वळवणं फार अवघड. विणलेली असल्यामुळे ती एबीएससारखी ताणत नाही. कापड तिरकं ओढावं तसे उभे-आडवे धागे एकमेकांवर कलतात, आणि कोपऱ्यात जास्तीचा माल गोळा होऊन सुरकुती पडते. शिवाय ताणलेली पट्टी तापली की आखडायला बघते, म्हणून शीट चारी बाजूंनी घट्ट धरावी लागते. उष्णता थोडी जास्त झाली तर ताण निघून जातो आणि हातात उरतं साधं पीपी. बॅगेवरचे ते शिंपल्यासारखे कंगोरे मला म्हणूनच इतके आवडले. जास्तीचा माल त्यांच्यात सामावून घेतलाय, असं माझ्या डोळ्याला दिसतं. ज्याने ती डाय (साचा) काढली त्याला मनापासून नमस्कार.

अर्धी रिकामी असताना दाबली तर बाजू आत जाते. घरी सगळे घाबरले, पण हात काढला की पूर्ववत होते. थंडीचीही काळजी होती, कारण साध्या पीपीचे क्रेट कोल्ड स्टोरेजमध्ये तडकलेले पाहिलेत. जानेवारीतल्या म्युनिकच्या बर्फात दोन आठवडे फिरवली, कुठे चीर नाही. किंमत मात्र भरमसाठ आहे. वर्षातून एखादाच प्रवास असेल तर एवढे पैसे घालू नका.

घरच्या काट्यावर रिकामी पावणेतीन किलो भरली, जुनी साडेचार होती. विमानात 23 किलोचीच मुभा. मधले पावणेदोन किलो या वेळी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांना मिळाले, आणि लाडू एकही न फुटता लेकीच्या घरी पोचले.