रात्री नऊची चर्चा की सकाळचा पेपर?

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात मराठी घरांत बातमी दोन वाटांनी येते: चॅनेलवरची रात्री नऊची चर्चा आणि सकाळचा पेपर. भडका उडतो तो बहुधा पहिलीतून.

दोष चर्चेच्या मांडणीतच आहे. पडद्यावर सहा-आठ चौकटी, बोलायला अर्धा मिनिट, आणि प्रश्नातच आरोप: ‘अमुक लोक गप्प का?’ टीआरपी मोजते ती किती जणांनी किती वेळ पाहिलं ते. बातमी खरी होती का, हे नव्हे. मग त्यातला तीस सेकंदांचा तुकडा, आधीचा प्रश्न आणि नंतरचा खुलासा कापून, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि भाचा मामावर तुटून पडतो. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज किमान पाच वेळा पुढे ढकलला गेलाय असं समजा. असा मजकूर २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. रागावण्याआधी यूट्यूबवर मूळ चर्चा शोधून आधीची दोन मिनिटं पाहाच.

पेपरही निर्दोष नाही. मथळा चढा, खुलासा चौथ्या परिच्छेदात. कात्रणाचा फोटो फिरला की मथळाच उरतो. तरी आमची पसंती पेपरला: छपाईआधी तपासायला काही तास मिळतात, आणि तो उत्तर द्यायला समोर ओरडत नसतो.

तक्रारीत मात्र दोन्हीकडे चिकाटी लागते. चॅनेलला तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव लिहून कळवा. २०२१च्या केबल टीव्ही नियमांनुसार १५ दिवसांत निर्णय अपेक्षित, नंतर चॅनेलांच्याच स्वनियमन संस्थेकडे अपील. पेपरसाठी आधी संपादक, मग प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था. ती ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही.