बोलून दस्त लिहिता येतो का? पावसाळ्यापासूनचा अनुभव

साताऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, नोटिसा, दिवसभर हेच. जून संपता संपता साहेबांनी व्हॉइस टायपिंग सुरू केलं. तेव्हापासून तिन्ही गोष्टी रोज वापरात आहेत: लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट (देवनागरीची कीबोर्ड मांडणी), फोनवर बोट आणि कॉलरला लावायचा माइक. ॲपचं नाव घेत नाही, कारण बदलून पाहिली तरी गुणदोष उन्नीस-बीस तेच.

आधी चांगलं सांगते. नोटिशीतली हकीगत बोलून झकास होते. साहेब येरझाऱ्या घालत सांगतात आणि ओळी उमटत जातात. दुरुस्त्या धरूनही वेळ निम्म्यावर आला. "सबब", "उपरोक्त", "वारसाहक्काने" हे शब्द तर बिनचूक येतात. कोर्टाची मराठी याला कुणी शिकवली कोण जाणे! "दुसऱ्या"चं मात्र नशिबावर असतं. कधी बरोबर येतं, कधी र थेट य च्या डोक्यावर जाऊन बसतो.

साहेबांना सवय माणसाला सांगायची. मध्येच म्हणतात, "नाही, ते खोड, तिथं ताबा घाल." मी खोडते. मशीन "नाही ते खोड तिथं ताबा घाल" असं इमानेइतबारे टाइप करतं.

खरी परीक्षा मिळकतीच्या वर्णनात. गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे सारा), चतुःसीमा. "शून्य हेक्टर चाळीस आर" म्हटलं की कधी आकडे येतात, कधी अक्षरं, आणि एकदा चक्क "चाळीस हजार" आलं. हाताच्या टायपिंगमधली चूक लगेच डोळ्याला खुपते, कारण शब्दच मोडलेला असतो. बोलण्यातली चूक शुद्ध मराठीत येते, काना-मात्रेसकट, त्यामुळे नजर वरून निघून जाते. दस्त नोंदल्यावर ती सापडली तर चूक दुरुस्ती पत्र करा, सगळ्या पक्षकारांना पुन्हा दुय्यम निबंधकांकडे न्या, त्यातला एक भाऊ तोवर मुंबईला गेलेला असतो. म्हणून आमच्याकडे आता मिळकतीचं कलम बोलून लिहायचं नाही, सातबारा शेजारी ठेवून हातानंच. आडनावांचंही तेच, ळ आणि ल चा भरवसा नाही.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट: ऑफिस दोन खोल्यांचं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. बहिणीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्या भावकीनं बाकावरून ऐकायचा, हे चालेल का? कीबोर्डची टकटक कुणाला कळत नाही. माइक कितीही सुधारला तरी या अडचणीवर दार लावून घेण्यापलीकडे उपाय नाही, आणि आमच्या दाराला कडी नीट लागत नाही.

फोनवरच्या बोटाबद्दल थोडक्यात. रोमनमध्ये लिहून देवनागरी घेणं निरोपापुरतं ठीक. निबंधकांच्या दारात उभं राहून एक नाव दुरुस्त करायचं असेल तर उत्तम. चार पानी दस्त काचेवर लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. (बाकी स्पर्शाचं म्हणाल तर नोंदणीच्या वेळी अंगठा मशीनवर टेकवावाच लागतो.)

२०१६ साली स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात इंग्रजी बोलून लिहिणं टायपिंगच्या साधारण तिप्पट वेगानं झालं. आवाजाची बाजू घेणारे हा आकडा हमखास पुढे करतात. पण ती तुलना फोनच्या कीबोर्डशी होती, दहा बोटांच्या टायपिंगशी नव्हे. मी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही टायपिंग परीक्षा दिल्यात. हात बसलेल्या माणसापुढे आवाजाची आघाडी बरीच कमी होते, आणि दुरुस्त्या जास्त असल्या तर उरतही नाही.

इनस्क्रिप्ट मी नंतर शिकले. परीक्षेला रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी होती, त्यामुळे सुरुवातीला बोटं भलतीकडेच जायची. पण १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं प्रमाण केलेली ही मांडणी डोक्यानं केलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क च्या बटणावर शिफ्ट धरला की ख, प वर धरला की फ. "दुसऱ्या"तला ऱ्य हवा? शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. दर वेळी तोच येतो, नशिबाचा प्रश्न नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की हा फुकट मिळतो. तरीही नव्या मुली रोमनमधूनच लिहितात. त्यांना समजावून मी दमले.

मग व्हॉइस टायपिंग घ्यावं का? हकीगती, पत्रं, लेख लिहिणाऱ्यांनी जरूर. फोनचा माइक पंख्याखाली कुचकामी ठरतो, कॉलरचा घ्या. आकड्यांचं काम असेल तर अजून नाही. मला पुढच्या आवृत्तीत वेग नकोय, तो पुरेसा आहे. शंका आली की थांबून "चाळीस आर की चाळीस हजार?" असं विचारणारं मशीन हवंय. चांगला कारकून एवढं विचारतोच.