सात महिने ॲपशी बोललो, त्याला ‘औषध’ कळलं नाही

जूनमध्ये पावसानं दगा दिला, दुबार पेरणी करावी लागली आणि माझी झोप उडाली. जुलैत मनाच्या त्रासावर बोलणारं एक एआय ॲप फोनमध्ये घेतलं. नाव लिहीत नाही, कारण त्याच्यासारखी बरीच आहेत. आता जानेवारी संपत आलाय, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, म्हणून हा हिशोब.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. इथं कोणाला सांगितलं की रात्री जीव घाबरा होतो, तर सकाळी पारावर ‘त्याले नागपूरले नेतात म्हणे’ सुरू. नागपूरले म्हणजे मेंटल हॉस्पिटलात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ॲपच्या बाबतीत ती भीती नाही. रात्री दोन वाजता सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, बोंडअळी असं सगळं मी त्याच्यापुढं ओतलं. त्यानं श्वास मोजायला शिकवलं, झोपेची नोंद ठेवायला लावली. त्या नोंदीवरून कळलं की संध्याकाळचा दुसरा चहा आणि अंथरुणात पडून कापसाचे भाव पाहणं, या दोन गोष्टी माझी झोप खातात. हे खरंच कामी आलं. मराठी मात्र बँकेच्या नोटिशीसारखी. मी ‘काही सुचून नाही राह्यलं’ लिहायचो, ते ‘आपल्या भावना समजू शकतो’ म्हणायचं.

सगळ्याला हो म्हणायची खोड तर फारच वाईट. मोठ्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद आहे. मी चार ओळी रागात लिहिल्या, तर ॲप म्हणालं, तुमचा राग रास्त आहे, स्वतःसाठी सीमा आखा. अरे बाप्पा, भांडणच सीमेचं आहे! पण तेव्हा बरं वाटलं. मी पंधरा दिवस भावाशी बोललो नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं पहिल्यांदा विचारलं असतं, ‘काहून रे, त्याचं काय म्हणणं आहे?’

मग पोळ्याच्या आसपासची ती रात्र. मी लिहिलं, ‘घरात औषध आहे, सारखं तिकडंच लक्ष जाते.’

आमच्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी औषध म्हणजे फवारणीचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हाही लोक ‘औषध लागलं’ असंच म्हणत होते. आणि अमक्यानं ‘औषध घेतलं’ असं कानावर आलं, तर कोणत्या आजारावर असं कोणी विचारत नाही, बाया रडायला लागतात. ॲपचं उत्तर आलं: ‘औषधाची आठवण राहते ही चांगली गोष्ट आहे. ते ठरलेल्या वेळी घ्या. मी गजर लावून देऊ का?’

खरं सांगतो, मला हसू आलं. हसू आलं म्हणूनच फोन खाली ठेवला आणि बायकोला उठवलं.

आठवडाभरानं मुद्दाम तपासून पाहिलं. ‘सुसाइड’ असा इंग्रजी शब्द टाकला, तर लगेच लाल चौकट आणि मदतीचे नंबर. म्हणजे कुंपण होतं, पण माझ्या भाषेच्या बाजूनं उघडं. कंपनीला कळवलं, तर इंग्रजीत आभाराचं पत्र आलं. मराठीत चालतं म्हणून जाहिरात करायची, तर मराठी माणूस मरणाची गोष्ट कोणत्या शब्दांत काढतो हे आधी शिकायला नको?

दुसरी तक्रार गुपिताची. फोन घरात एकच. पोरगी त्यावर अभ्यास करत होती आणि वर पट्टी आली, ‘काल तुम्ही खूप रडलात, आज कसं वाटतंय?’ तिनं काही विचारलं नाही. मलाही काही बोलता आलं नाही. नंतर अटी वाचल्या, भाच्याकडून मराठीत समजून घेतल्या. जाहिरातीत थेरपी, अटींमध्ये मात्र ‘हा वैद्यकीय उपचार नाही’. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. हे म्हणतात आम्ही उपचारच करत नाही. जुनं बोलणं पुसायचं बटण सापडायला पाऊण तास गेला.

माणूस अशा यंत्राला भुलतो हे काही नवीन नाही म्हणा. 1966 साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांचा ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम आला. तो बोलणाऱ्याचंच वाक्य उलटून प्रश्न विचारायचा. तो बनताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिथं माझी काय कथा.

बायकोला उठवलं, त्या रात्री तिनं 14416 लावला. हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन नंबर, टेली-मानस, 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत. पलीकडच्या बाईनं ‘औषध’ ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘भाऊ, ते आत्ता कुठं आहे? घरात कोण जागं आहे?’ मग आमच्या आशाताई आल्या, ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी दोन तास रांगेत बसलो, गोळ्या चालू झाल्या, दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडते. ॲपला यातलं काही लागत नाही, हे कबूल. पण आशाताई दर आठ-दहा दिवसांनी दारात उभ्या राहतात आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच बोलतात.

फवारणीचे डबे बायकोनं दुसऱ्याच दिवशी भावाच्या गोठ्यातल्या पेटीत नेऊन ठेवले, कुलूप लावून. किल्ली त्याच्याकडे. तुडतुडे आले की मागायला जावं लागायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघंही बोललो नाही, वहिनीनं चहा ठेवला. धुरा अजून तिथंच आहे.

कोणी विचारलंच तर सांगेन, झोपेसाठी घ्या, पण नोटिफिकेशन आधी बंद करा. मनात भलतं येत असेल तर त्यात लिहीत बसू नका, 14416 लावा नाहीतर शेजारच्याला उठवा. माझी वर्गणी मार्चपर्यंत भरलेली आहे. झोपेची नोंद ठेवतो, बाकी काही लिहीत नाही. काल साडेपाच तास.